एपवर्थचे स्वयंपाकघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण करता येत नाही हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. भिशीचा हिशेब वाचून दाखवायचा म्हटले तरी माझ्या घशाला कोरड पडते. पण यंदा चिटणीसबाईंनी माझे काही ऐकलेच नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या देवळाची घंटा आम्ही इतकी वर्षे ऐकतो. रविवारी तिच्या ठोक्यावर आमचा कुकर चढतो. त्या देवळाला मेथडिस्ट का म्हणतात, एवढे तरी एकदा सांगा." मी होकार दिला, आणि घरी आल्यावर ध्यानात आले की ते मलाही सांगता यावयाचे नाही! बाप्तिस्मा या मंडळीत झाला, लग्न या मंडळीत झाले, नाताळच्या करंज्या इतकी वर्षे तुम्हां सर्वांच्या घरी वाटल्या; पण दारावरच्या पाटीवरील शब्दाचा अर्थ कोणी मला विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

मग पाळकसाहेबांकडून दोन पुस्तके आणली. ती निघाली इंग्रजी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा रात्री जेवणे उरकली की धाकटीला समोर बसवावयाचे, तिने वाचून मराठीत सांगावयाचे आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकावयाचे, असा क्रम महिनाभर चालला. आज सांगणार आहे ते सारे असे ऐकीव आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

मेथड म्हणजे पद्धत. १७२९ च्या सुमारास इंग्लंडात ऑक्सफर्डच्या विद्यापीठात जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे दोघे भाऊ व त्यांचे काही सोबती ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपास, ठरल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांची भेट, असे नियमाने वागू लागले. बाकीच्या मुलांनी त्यांना चेष्टेने नाव ठेवले, मेथडिस्ट. आपल्याकडे एखाद्याला 'घड्याळबुवा' म्हणावे, तसे. ते नाव चिकटले ते चिकटलेच.

एवढे कळल्यावर माझे समाधान झाले असते. पण मनात आले, की मुलांना ही घड्याळाची सवय लावली कोणी? अशा सवयी काही विद्यापीठात लागत नाहीत. धाकटीला म्हटले, मागची पाने उलट. आणि अशा रीतीने आम्ही दोघी एपवर्थ नावाच्या गावी जाऊन पोहोचलो, ते महिनाभर तिथेच राहिलो म्हणा ना.

एपवर्थ हे लिंकनशायर परगण्यातले लहानसे बाजाराचे गाव आहे. भोवतालचा मुलूख सखल. पूर्वी चहूकडे नद्यांचे पाणी आणि दलदल, म्हणून त्या भागाला ॲक्सहोमचे बेट म्हणतात. १६२६ पासून राजाने एका डच माणसाकडून ती दलदल कोरडी करविली. त्या खटपटीत गावकऱ्यांची गुरे चारण्याची व मासे धरण्याची सामाईक जमीन गेली. तेव्हापासून तिथले लोक चिडलेले, बाहेरून आलेल्या माणसावर डूख धरणारे. अशा गावात १६९० नंतरच्या दशकात सॅम्युएल वेस्ली हे राजमान्य मंडळीचे पाळक म्हणून आले आणि १७३५ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांची पत्नी सुझाना. मी त्यांना सुझानाबाईच म्हणणार आहे. तशी आता ओळख झाली आहे.

सुझानाबाई लंडनच्या. बापाच्या पंचवीस मुलांतली ही शेंडेफळ. त्यांना स्वतःला एकोणीस मुले झाली. त्यांतली दहा जगली. सात मुली आणि तीन मुलगे. नऊ मुले पुरलेल्या आईबद्दल मी काय बोलावे?

यजमान विद्वान होते, कविता करीत, पण हिशेबात कच्चे. कर्ज डोक्यावर नेहमीचेच. १७०५ साली कर्जापायी त्यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले. गावातल्या विरोधकांनी त्याच सुमारास त्यांच्या दुभत्या गाईंना सुरे मारले. सुझानाबाईंजवळ पैसा नव्हता, म्हणून त्यांनी बोटांतल्या अंगठ्या काढून तुरुंगात पाठविल्या. नवऱ्याने त्या तशाच परत केल्या. पुढे एका आर्चबिशपांनी त्यांना विचारले, की घरात भाकरीची कधी ददात पडली काय? त्यांनी सांगितले, भाकरी अगदीच नाही असे कधी झाले नाही. पण ती मिळेपर्यंत एवढी काळजी आणि खाल्ल्यावर तिचे पैसे चुकविण्याची एवढी काळजी, की घास गोड लागत नसे. हे ऐकताना माझे तांदूळ निवडावयाचे थांबले. तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या घरात किराण्याची उधारी आपल्यासारखीच होती.

नवराबायकोचे भांडण मात्र आपल्यासारखे नव्हते. १७०२ साली पाळकसाहेबांनी घरच्या प्रार्थनेत राजा विल्यमसाठी प्रार्थना केली आणि सुझानाबाई 'आमेन' म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मते खरा राजा दुसराच होता. साहेब रागावले आणि घर सोडून लंडनला निघून गेले. सहा मुले घरात, आणि भांडण कशाचे, तर गादीवर कोणी बसावे याचे! तेवढ्यात राजा वारला, राणी ॲन आली. परत आल्यावरही साहेबांचा राग उतरेना, शेवटी घराला आग लागून बराच भाग जळाला तेव्हा तो निवला. पुढल्या वर्षी, १७०३ च्या जूनमध्ये, जॉनचा जन्म झाला. आमच्या साऱ्या मेथडिस्ट मंडळीचा मूळपुरुष तो हाच. एक आमेन आणखी थोडा वेळ अडला असता तर काय झाले असते, हा विचार मी पाळकसाहेबांना बोलून दाखविला. ते हसले, पण उत्तर दिले नाही.

दुसरी आग मोठी. ९ फेब्रुवारी १७०९ ची रात्र. सारे घर पेटले. मुले मोजली तर एक कमी. पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत झोपलेला राहिला होता. जिना जळत होता. पोर खिडकीशी आले. शिडी आणावयास वेळ नव्हता, तेव्हा एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने पोराला ओढून काढले. लगेच छप्पर कोसळले. गाव वैरी होते असे मी म्हटले, पण खांदा देणारेही त्याच गावचे.

आता या बाईंची शाळा. स्वयंपाकपाणी सांभाळून त्या स्वतःच मुलांना शिकवीत. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच, रोज सहा तास. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी मुळाक्षरे, आणि ती एका दिवसात आली पाहिजेत! मला हे फार कडक वाटले. पण त्यांचा आणखी एक नियम होता: मुलीला चांगले वाचता येईपर्यंत तिला कोणत्याही घरकामाला बसवावयाचे नाही. शिवण नाही, काही नाही, आधी वाचन.

धाकटीने हे वाचले आणि ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, पुढे वाच.

माझी आई आजारी पडली तेव्हा मी सातवीत होते. घरात भाकरी थापावयास दुसरे कोणी नव्हते. वार्षिक परीक्षा दिली, पास झाले, आणि दप्तर माळ्यावर गेले. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पण इंग्लंडातल्या एका कर्जबाजारी घरात १७०० च्या सुमारास हा नियम होता, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही.

सुझानाबाईंना मी देवी करू इच्छीत नाही. मुली वाचावयास शिकल्या खऱ्या, पण ऑक्सफर्डला तिन्ही मुलगे गेले, मुली सातांपैकी एकही नाही. हेटी म्हणून मुलगी सर्वांत बुद्धिमान, कविता करणारी. तिचे पाऊल घसरले, तेव्हा बापाने तिला १७२५ साली एका नळकाम करणाऱ्याशी लग्न लावून उजवून टाकले आणि पुढे तिला क्षमा केली नाही. ती आयुष्यभर दुःखात राहिली. त्या घरातही मुलीच्या बाबतीत नियम कुठवर चालत, हे यावरून दिसते.

आता मुख्य गोष्ट.

१७११ च्या हिवाळ्यात पाळकसाहेब धर्मसभेसाठी लंडनला गेले होते. गावात सहायक पाळक नेमला होता, पण त्याची उपासना लोकांना रुचत नव्हती आणि रविवारी संध्याकाळी देवळात वीस-पंचवीस माणसे जमत. सुझानाबाई रविवारी संध्याकाळी घरच्या स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना एक प्रवचन वाचून दाखवू लागल्या. घरकामाच्या पोराने आपल्या आईबापांना सांगितले, ते येऊन बसले. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले. तीस झाले, चाळीस झाले. काही आठवड्यांनी दोनशेंवर माणसे जमली, आणि कित्येक जागेअभावी परत गेली.

हे करावयाचे बाईंच्या मनात कसे आले, तेही ऐका. मुलगी एमिली हिला बापाच्या खोलीत एक पुस्तक सापडले. त्यात हिंदुस्थानात गेलेल्या मिशनऱ्यांची हकीकत होती. हे मिशनरी १७०६ साली तरंगंबाडीला उतरले होते. ते बंदर डेन लोकांच्या ताब्यातले, पण लगतच्या तंजावरला तेव्हा आपले भोसले राज्य करीत होते. ती हकीकत वाचून बाईंना वाटले, आपण परदेशी जाऊ शकत नाही, पुरुषही नाही. पण आपल्या मुलांसाठी व शेजाऱ्यांसाठी आणखी काही करता येईल. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक मुलाला आठवड्यातील एक संध्याकाळ एकट्याने आपल्याशी बोलावयास दिली. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. मोठेपणीही जॉन त्या गुरुवारची आठवण काढी. आपण समजतो की धर्म तिकडून इकडे आला. पण तंजावरकडची हकीकत त्या स्वयंपाकघरात आधी पोहोचली होती.

गर्दी वाढली तसा सहायक पाळक चिडला. त्याने लंडनला तक्रार लिहिली. साहेबांनी बायकोला पत्र लिहिले, की हे चमत्कारिक दिसते, तू बाई आहेस, आणि माझ्या हुद्द्याला शोभत नाही. दुसऱ्या कोणा पुरुषाला वाचावयास सांग. ६ फेब्रुवारी १७१२ ला बाईंनी उत्तर धाडले. त्यात त्या लिहितात की मी बाई आहे, तशीच या घराची मालकीणही आहे. तुम्ही नसताना इथल्या माणसांची जबाबदारी माझ्यावर आहे. आणि पुरुषाला वाचावयास सांगावे, तर यांच्यात अडखळत अक्षरे न लावता प्रवचन वाचील असा एकही नाही! (इथे आम्ही मायलेकी इतक्या हसलो की आतून हे विचारावयास आले, काय झाले म्हणून.)

साहेबांचे पुन्हा पत्र आले. बाईंचे पुन्हा उत्तर गेले, २५ फेब्रुवारीला. त्यात सांगितले की वर्षानुवर्षे देवळाचे तोंड न पाहिलेली घरे आता येतात, गावाचे आमच्याशी असलेले वैर निवळले आहे. आणि शेवटी लिहिले, की हे बंद करावे अशी तुमची इच्छा आहे, असे मला सांगू नका; इच्छेने माझे मन मानणार नाही. बंद करावयाचे तर स्पष्ट हुकूम पाठवा, म्हणजे देवापुढे उभे राहण्याची वेळ येईल तेव्हा त्याचा जाब तुमच्याकडे असेल, माझ्याकडे नाही.

हुकूम आला नाही. साहेब परत येईपर्यंत स्वयंपाकघर भरत राहिले. त्या गर्दीत आठ वर्षांचा जॉन आणि चार वर्षांचा चार्ल्स बसलेले होते.

पुढचे थोडक्यात सांगते. १७४२ च्या जूनमध्ये जॉन एपवर्थला आला, तोवर तो उघड्यावर प्रवचने करणारा म्हणून गाजला होता. तिथल्या पाळकाने त्याला देवळात बोलू दिले नाही. हा पाळक पूर्वी जॉनच्या बापाचा लेखनिक होता, असे पुस्तकात आहे. जॉन बाहेर आला आणि संध्याकाळी सहा वाजता बापाच्या थडग्याच्या शिळेवर उभा राहून बोलला. सबंध आठवडा बोलला. लोटालोट झाली. पुढल्याच महिन्यात, २३ जुलैला, सुझानाबाई लंडनला वारल्या.

याच आठवड्यातली एक गंमत आहे. गावातल्या काही लोकांनी या नव्या पंथाची गाडीभर माणसे धरून मॅजिस्ट्रेटपुढे नेली. साहेब म्हणाले, यांचा गुन्हा काय? सगळे गप्प. एक म्हणाला, हे स्वतःला शहाणे समजतात आणि दिवसभर प्रार्थना करतात. बरे, आणखी काही? एक म्हातारा म्हणाला, होय महाराज, यांनी माझ्या बायकोला फितविले. पूर्वी तिची जीभ अशी होती की विचारू नका, आता कोकरासारखी झाली आहे. मॅजिस्ट्रेट म्हणाले, यांना परत न्या, आणि गावातल्या सगळ्या भांडखोर बायकांना फितवू द्या! ही गोष्ट आमच्या ह्यांना फार आवडली. मला तितकीशी आवडली नाही. त्या बाईला कोणी विचारले नाही, की तू का भांडत होतीस.

मंडळीचे काम कसे चाले, ते मात्र आपल्या मंडळाने ऐकण्यासारखे आहे. १७४२ सालीच ब्रिस्टल शहरी इमारतीचे कर्ज फेडावयाचे होते. एकाने सुचविले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरे म्हणाले, गरिबांना तेही जमणार नाही. तो म्हणाला, मला अकरा गरीब नेमून द्या. ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. म्हणून बारा-बारांचे गट झाले. पेनी गोळा करणारा दर आठवड्याला घरोघर जाई, तेव्हा कोण आजारी, कोणाची चूल पेटली नाही, कोणाचा नवरा पिऊन येतो, हे कळू लागले. पैशाचे काम मागे पडले आणि विचारपूस हेच मुख्य काम झाले. हे गट सर्व गावांच्या मेथडिस्ट मंडळीत पसरले. काही गटांच्या पुढारी बायका होत्या. १७६१ साली सारा क्रॉस्बी नावाची बाई आपला गट घ्यावयास गेली, तो दोनशे माणसे बसलेली! ती बोलली, आणि जॉनने तिला थांबविले नाही. आईचे स्वयंपाकघर त्याने पाहिले होते. त्याच्या मागे मात्र १८०३ साली पुरुषांनी बायकांच्या प्रवचनाला आळा घातला, आणि इंग्लंडच्या मेथडिस्ट मंडळीत बाई पाळक होण्यास १९७४ साल उजाडले.

एपवर्थला १८८९ साली वेस्ली बंधूंच्या स्मरणार्थ मोठे दगडी मेथडिस्ट देऊळ झाले. आगीनंतर बांधलेले घर १९५४ साली जगभरच्या मेथडिस्टांनी विकत घेतले. आज लोक ते पाहावयास जातात. स्वयंपाकघरही दाखवितात. त्या घरात १७१६ च्या डिसेंबरात एक भूत ठोठावीत असे आणि मुलींनी त्याचे नाव जेफ्री ठेवले होते. पण भुताचे सांगत बसले तर चहा थंड होईल.

आपल्याकडे हे लोण अमेरिकेतून आले. विल्यम बटलर १८५६ साली बरेलीला आले. १८६९ च्या मार्चमध्ये बॉस्टन शहरी धो धो पावसात आठ बायका जमल्या आणि त्यांनी ठरविले, की आठवड्याला दोन सेंट बाजूला टाकून हिंदुस्थानातील बायकांसाठी बायकाच पाठवावयाच्या. त्या पैशावर १८७० साली इझाबेला थोबर्न आणि डॉक्टरीण क्लॅरा स्वेन आल्या. थोबर्नबाईंची लखनौची शाळा सहा मुलींवर सुरू झाली. आज ते कॉलेज आहे. मुंबईला १८७१ साली विल्यम टेलर आले आणि तिथून मंडळ्या वाढल्या. १९८१ पासून इथली मेथडिस्ट मंडळी अमेरिकेच्या हुकुमाखाली नाही, स्वतःची आहे.

आमच्या गावच्या देवळात तुम्ही कापणीच्या सणाला येता, भोपळ्याच्या लिलावात बोली लावता, म्हणून तिथले वेगळे काय सांगू? गेल्या वर्षी एकच भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा तो परत देवालाच देत होता. शेवटी तो आमच्या पाळकीणबाईंनी नेला आणि घारगे केले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगून बसते. शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात वाचनाचा वर्ग भरतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. भांडी घासणाऱ्या तिघी आल्या तिथून सुरुवात झाली, आता अकरा आहेत. दोन भाजीवाल्या आहेत. कोणाला बसची पाटी वाचावयाची आहे, कोणाला सहीच्या वरचे काय लिहिले आहे ते. पावसाळ्यात काही जण ह्यांना म्हणाले, सातवी शिकलेली बाई शाळा काढते, गावात शिकलेल्या थोड्या आहेत का? म्हणणाऱ्यांपैकी कोणी इथे बसल्या असतील. माझा राग नाही. मलाही तसे वाटत होते. ह्यांनी मला सांगितले, बंद केलेस तर बरे होईल. मी दोन शनिवार बंद ठेवलाही. बायका दाराशी येऊन परत गेल्या.

त्यानंतर ते पत्र वाचले. दुसऱ्या दिवशी ह्यांना चहा देताना म्हटले, अहो, बरे होईल असे नका म्हणू. बंद कर असे स्पष्ट म्हणा. म्हणजे त्या बायका विचारतील तेव्हा मी तुमचे नाव सांगेन. हे काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र वाचीत राहिले. शनिवारी दुपारी पाहते, तो मागच्या ओट्यावरची ह्यांची सायकल पुढे नेऊन लावलेली आणि ओट्यावर सतरंजी अंथरलेली.

वर्ग तीन वाजता भरतो. ज्यांना शिकवावयास यावयाचे असेल, त्या शिकलेल्या भगिनींनी अवश्य यावे. मला जोडाक्षरे शिकविणे अजून नीट साधत नाही. मागच्या बोळातून यावे, पुढच्या दारी कुत्रा बांधलेला असतो.